ताठ बसलेली माणसं

आमच्यात मेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत, बसवतात. आंघोळ घालायची, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढायचे, मांडी घालून भिंतीला टेकवायचं, डाव्या तळहातावर त्याचं गळ्यातलं इष्टलिंग ठेवायचं, आणि मान पडू नये म्हणून हनुवटीखालून कापड घेऊन ते भिंतीतल्या खुंटीला बांधायचं. वर हार, शाल, समोर उदबत्त्या. येणारा माणूस उंबऱ्याशी चपला काढतो, पुढे होऊन पायाला हात लावतो, मांडीवर बेलाचं पान ठेवतो आणि बाजूला जाऊन बसतो. लिंगायताच्या घरात वाढलेल्या कुणाला यात काही वावगं वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं. आमचे आजोबा असे बसले होते, तेव्हा मी त्यांच्या शेजारी बसून चुरमुरे खाल्ले होते आणि कुणी मला हटकलंही नव्हतं. पण आजोबांचं वय झालं होतं. मल्लूला अजून धड मिशीसुद्धा फुटली नव्हती.

मल्लू म्हणजे मल्लिनाथ, माझा पाठचा भाऊ. आम्ही घरात चौघं. अप्पा, अव्वा म्हणजे आई, मी आणि तो. सोलापुरातल्या एका अरुंद बोळात दोन खोल्या, आणि त्या दोन खोल्यांत आमचा धंदा. अव्वा कडक भाकरी करायची आणि शेंगाची चटणी कुटायची. अप्पा ती सायकलवरून दुकानादुकानांत पोचवायचे. त्यामुळे आमच्याकडे सकाळ उजाडायची ती भाकरी थापण्याच्या आवाजानं. शेजारच्या बोळात तेलुगू लोकांचे माग चालायचे, त्यांची खटखट दिवसभर. तिच्या मध्येमध्ये आमच्या उखळाचा धपका. घरभर भाजलेल्या शेंगांचा आणि लसणाचा वास. माझ्या वह्यांनासुद्धा तो यायचा, आणि कॉलेजात पुढच्या बाकावरच्या पोरी नाक उडवून मागे बघायच्या. चटणी कुटायचं काम मल्लूचं. शेंगांचं तेल सुटून चटणीचा गोळा व्हायला लागेपर्यंत हा मुसळ सोडायचा नाही, आणि वर अव्वाला विचारायचा, "बघ की, जमली का तुझी चटणी? का अजून दोन दणके देऊ?" घरात आम्ही कानडी आणि मराठी कालवूनच बोलायचो. अव्वाशी मल्लू कानडीच जास्त बोले. लाडात आला की फक्त कानडी.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा त्याला ताप आला. साधा ताप म्हणून आठवडाभर अंगावर काढला, मग डोळे पिवळे झाले, मग बडबडायला लागला आणि त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे एके दिवशी दुपारी त्याचा ताप उतरल्यासारखा झाला. डोळे उघडून म्हणाला, भूक लागली, ताजी भाकरी पाहिजे, दुधात कुस्करून. अव्वाचा चेहरा असा उजळला! डबा उचलून ती तशीच उन्हात घरी पळाली. अप्पा औषधं आणायला गेले होते. त्याच्याजवळ मी एकटी. अव्वाची भाकरी तव्यावर असेल-नसेल तेवढ्यात मल्लू गेला. जायच्या आधी तो माझ्याशी बोलला. तो काय बोलला हे जगात मला एकटीला ठाऊक होतं, आणि पुढे कितीतरी महिने ते मला एकटीलाच ठाऊक राहिलं.

त्या दवाखान्यात एक समाजसेवा अधीक्षक बाई होत्या. सुती साडी, खांद्याला पिशवी. सिस्टरनं चादर वर ओढली तेव्हा त्या कुठूनशा आल्या आणि माझ्याजवळ उभ्या राहिल्या. "धीर धर" नाही, "देवाची इच्छा" नाही. नुसत्या उभ्या राहिल्या. अव्वा डबा घेऊन धापा टाकत दारात आली तेव्हाही त्या तिथेच होत्या, आणि डबा पडू नये म्हणून तो त्यांनीच धरला. पुढे मला कुणी विचारलं, की समाजकार्यात का यावंसं वाटलं, की मी छापील उत्तरं बरीच दिली. खरं उत्तर या बाई. त्यांचं हे काम शिकायला एम.एस.डब्ल्यू. नावाचं शिक्षण असतं हेही मला त्यांच्याकडूनच कळलं.

संध्याकाळी मल्लूला पुढच्या खोलीत बसवलं. केसांना तेल लावून भांग पाडला होता. जिवंतपणी त्यानं कधी पाडू दिला नव्हता. टाळ-मृदंग घेऊन भजनी मंडळ आलं. मठाचे स्वामी आले, आणि अव्वानं तोंड उघडलं तसे म्हणाले, "रडायचं न्हाई आई. पोरगं लिंगैक्य झालं. शिवाकडं गेलेल्याला रडतात व्हय?" आमच्यात सुतक नसतं. तत्त्व म्हणून ही गोष्ट मला आजही मोठी वाटते. मरणाला विटाळ न मानणारी माणसं किती थोडी! पण अप्पांनी ते तत्त्व कायद्यासारखं धरलं. दुसऱ्याच दिवशी चूल पेटली, भाकऱ्या थापल्या गेल्या. घरात मल्लूचं नाव काढायचं नाही, डोळ्यांतून पाणी काढायचं नाही. अव्वा स्वतः चटणी कुटायला बसू लागली. मी तिच्याजवळ जाऊन "अव्वा, त्या दिवशी दवाखान्यात..." एवढं म्हणायचा अवकाश, तिचं मुसळ जोरात चालायला लागायचं. मग त्या आवाजात काही बोलता येत नसे.

आणि मल्लूला नेऊन पुरलं तरी तो काही पुढच्या खोलीतून उठेना. त्याचं डोकं जिथे टेकवलं होतं तिथे भिंतीवर तेलाचा डाग पडला होता. अप्पांनी चुना मारला. वाळल्यावर डाग परत वर आला. पुन्हा मारला, पुन्हा आला. शेवटी अव्वानं तिथे शेंगांचं पोतं लावलं, तर तिन्हीसांजेला ते पोतंच मांडी घालून बसल्यासारखं दिसायला लागलं. मी त्या खोलीतून भिंतीकडे पाठ करून जायची. ते घरापुरतं असतं तरी निभावलं असतं. पण मला बाहेरही ताठ बसलेला माणूस बघवेना. एस.टी.त पुढच्या सीटवर कुणी पाठ सरळ करून बसलं, न्हाव्याच्या दुकानात कुणी मान मागे टेकून डोळे मिटले, की मी त्याच्या छातीकडे बघत राहायची. तो श्वास घेतोय की नाही हे बघेपर्यंत माझा पाय पुढे पडत नसे.

परीक्षा आली ती या अवस्थेत. आमच्या वर्गावर सुपरवायझर म्हणून एक वयस्क मास्तर होते, आणि ते भिंतीला खुर्ची लावून ताठ बसायचे. मी प्रश्न वाचायची आणि वर बघायची. मास्तरांची पापणी हलली की एक ओळ लिहायची. पुन्हा वर बघायची. कुठल्या कुठल्या पेपरला ते डोळे मिटून घ्यायचे, त्या पेपरांत मी काय लिहिलं हे ते शंकरच जाणे! निकाल लागला, पास क्लास. अव्वा म्हणाली, "पास झाली की पोरगी!"  अप्पांकडे अक्कलकोटचं एक स्थळ येऊन पडलं होतं. मुलाचं किराणा दुकान होतं, माणसं चांगली होती, नाव ठेवायला जागा नव्हती. मी म्हणाले, मला एम.एस.डब्ल्यू. करायचंय. अप्पांनी विचार केला आणि म्हणाले, "पुण्याबिण्याचं नाव काढू नको. तितली फी आन् ऱ्हाणं आपल्याला झेपत न्हाय. हितल्या कॉलेजात नंबर लागला तर शीक. न्हाय लागला तर अक्कलकोटला होकार कळवतो." त्यात अन्याय काही नव्हता. गावातलं ते कॉलेज अनुदानित होतं, फी आमच्यासारख्यांना परवडेल एवढी. पण तेवढ्याचसाठी तिथे सगळ्या जिल्ह्यातली हुशार मुलं रांग लावायची. खिडकीवरच्या क्लार्कनं माझी मार्कशीट बघितली आणि अगदी मायेनं सांगितलं, "ताई, पास क्लासवाले अर्ज भरतेत, पन लागत न्हाईत."

आजकाल माझ्याकडे मुलींचे फोन येतात. "मॅडम, मार्क कमी आहेत, फी कमी असलेलं एम.एस.डब्ल्यू.चं कॉलेज सांगा ना." आता प्रवेश परीक्षा आहे, सगळं मोबाइलवर भरायचं, यादीही मोबाइलवरच लागते. मी त्यांना अनुदानित कॉलेजं सांगते, शिष्यवृत्त्या सांगते, कुठे मुलाखतीला वजन आहे ते सांगते. मग हमखास विचारतात, "तुम्हाला किती मार्क होते, मॅडम?" मी सांगते. मग विचारतात, "मग तुम्हाला कसं घेतलं?" ते फोनवर सांगण्यासारखं नाही.

तेव्हा थोडा भार मार्कांवर होता, थोडा गटचर्चेवर आणि थोडा मुलाखतीवर. मार्कांचं सांगितलंच. गटचर्चेत व्यसनमुक्तीवर बोलायचं होतं, आणि पोरं अशी काही एकमेकांवर तुटून पडली की दारू प्यायलेली माणसं त्यापेक्षा शहाणी वाटावीत. मला तोंड उघडायला मिळालं नाही, मिळालं असतं तरी उघडलं नसतं. राहिली मुलाखत.

मुलाखतीच्या दिवशी अव्वा सकाळी सिद्धेश्वराला जाऊन आली होती. तिथली विभूती आणि बेलाचं पान कागदात बांधून तिनं माझ्या पर्समध्ये टाकलं. मुलाखती दुपारपर्यंत लांबल्या, मग जेवणाची सुट्टी झाली. सुट्टीनंतर पहिला नंबर माझा. वीज गेलेली होती. शिपाई म्हणाला, "आत जाऊन बसा ताई, मॅडम आन् सर हात धुवून यायलेत." मी दार लोटलं.

मला ठाऊक नव्हतं, की त्या सकाळी संस्थेच्या म्हाताऱ्या अध्यक्षांचा वाढदिवस साजरा झाला होता आणि ते तसेच मुलाखतींना येऊन बसले होते. मला दिसलं ते एवढंच. भिंतीला लावलेली उंच पाठीची खुर्ची. तिच्यात पाठ सरळ, डोकं मागे टेकलेला एक म्हातारा. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. गळ्यात जाड हार, अंगावर शाल. टेबलावर फोटोपुढे लावलेल्या उदबत्त्यांचा धूर. पंखा बंद. डोळे मिटलेले. खोलीत दुसरं कुणी नाही.

मी घाबरले नाही. हेच मला आजवर कोडं आहे. इतके महिने जे जिथेतिथे दिसत होतं ते समोर दिसल्यावर मी अगदी शांत झाले आणि जे करायचं असतं ते केलं. दाराशी चपला काढल्या. पुढे गेले, खाली बसून पायांना हात लावला. पर्समधली पुडी सोडली आणि बेलाचं पान मांडीवर ठेवलं. विभूती चिमटीत घेतली. आणि मग माझ्या तोंडून आलं, "मल्लू, थांब की जरा. अव्वा यायलीय."

म्हाताऱ्यानं डोळे उघडले.

त्याच क्षणी दारातून विभागप्रमुख मॅडम आणि एक सर आत आले. मी जमिनीवर, अध्यक्षांच्या मांडीवर बेल, माझ्या चिमटीत विभूती! सर हसत म्हणाले, "अहो, असं पाया पडून प्रवेश मिळत नसतो!" मॅडमही हसल्या. मला उठता येईना. झालं, गेलं, अक्कलकोट, असं डोक्यात वाजत होतं, आणि शरमेनं कान तापले होते. अध्यक्ष मात्र हसले नाहीत. त्यांनी मांडीवरचं पान उचललं, बघितलं. ते आमच्यातलेच होते. मांडीवर बेल कुणाच्या ठेवतात हे त्यांना सांगावं लागणार नव्हतं. त्यांनी वाकून माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू, कानडीत विचारलं, "यार होद्रु?" कोण गेलं?

मल्लू गेल्यापासून हे मला कुणी विचारलं नव्हतं. घरी सगळ्यांना माहीत होतं म्हणून विचारलं नाही, बाहेर कुणाला विचारायची गरज वाटली नाही. मी म्हणाले, "नन्न तम्म." माझा धाकटा भाऊ. आणि मग मी त्या तिघांसमोर जमिनीवर बसूनच सगळं सांगितलं. ताप, दवाखाना, भाकरी, त्याचे शेवटचे शब्द, भिंतीवरचा डाग, पोतं, परीक्षेतले मास्तर. मध्येच मॅडम खुर्ची सोडून माझ्याशेजारी खाली येऊन बसल्या होत्या, ते मला नंतर कळलं. सरांनी माझी मार्कशीट हातात धरली होती. ते म्हणाले, "हे मार्क त्या पेपरांचेच ना? आधीच्या दोन वर्षांचे बरे आहेत की." मग त्यांनी विचारलं, "इथे लोकांची अशीच दुःखं रोज ऐकावी लागतील. झेपेल?" मी म्हणाले, "ठाऊक न्हाई सर. पन कुनी ऐकून घेतलं न्हाई की काय होतं, ते ठाऊक हाय." हे मी फार विचार करून बोलले, असं कुणी समजू नये. त्या क्षणी मला दुसरं काहीच येत नव्हतं.

निघताना अध्यक्षांनी ती विभूती माझ्याकडून स्वतःच्या कपाळाला लावून घेतली. म्हणाले, "माझी वेळ यील तवा हाईसच की तू!"

पुढे मी समाजकार्यातच आयुष्य काढलं, कॉलेजात मुलांना गृहभेटी शिकवल्या, आणि माणसाशी बोलताना त्याच्यापेक्षा उंच बसायचं नाही हे प्रत्येक तुकडीला बजावलं. मुलांना ते पुस्तकातलं वाटायचं. मल्लू त्या दिवशी माझ्या डोळ्यांपुढून उठून गेला, असंही झालं नाही. अजूनही डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये कुणी डोळे मिटून ताठ बसलेलं असलं, की मी खोकते. त्यांनी डोळे उघडून रागानं माझ्याकडे बघितलं की मला बरं वाटतं.

त्या मुलाखतीनंतर यादी लागली. माझं नाव सर्वांत शेवटी होतं, पण होतं. मी घरी आले तेव्हा अप्पा सायकलला भाकऱ्यांचं गाठोडं बांधत होते. अव्वा आत चटणी कुटत होती. मी दारातूनच सांगितलं. अप्पा गाठ मारायचे थांबले.

"मार्क तर न्हाईत," ते म्हणाले, "मग कशावर घेतलं?"

"मल्लूचं सांगितलं मी त्यांना."

ते नाव पुढच्या खोलीत उच्चारलं गेलं आणि आतलं मुसळ बंद पडलं. अप्पांनी मान खाली घातली. आता ओरडतात, असं मला वाटलं. ते सायकल घेऊन बाहेर पडले. अव्वा तिखटाचे हात तसेच धरून दारात आली.

"काय सांगितलंस?"

"सगळं. तू भाकरी आनायला गेल्यावर काय झालं ते."

अव्वा उंबऱ्यावर बसली.  मग म्हणाली, "लई हाका मारल्या असतील न्हवं मला? भाकरी फुगंपतुर थांबले मी. तशीच अर्धी कच्ची घिऊन आले असते तर..." आणि तेव्हा मला कळलं, की इतके महिने ती कशावर मुसळ हाणत होती. मुलानं आपल्याला हाका मारल्या आणि आपण भाकरी भाजत बसलो, हे तिच्या कानात अखंड चाललं होतं. ते ऐकायला लागू नये म्हणून ती मला बोलू देत नव्हती.

"न्हाई अव्वा. हाका न्हाई मारल्या त्यानं."

"खोटं बोलू नको."

"देवाशप्पथ. तू गेलीस कुटं, एवढंच विचारलं. मी म्हनलं, भाकरी आनायला. तर हसला. म्हनला, अव्वाला सांग, सावकाश ये म्हनावं. उन्हात पळू नको."

अव्वा माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तो माझ्याशी मराठीत न्हाई बोलत. तो बोलला तसं सांग."

मी त्याचे शब्द सांगितले. "अव्वग हेळ, सावकाश बा अंत. बिसलाग ओडब्याड."

"परत सांग."

मी परत सांगितलं. तिनं परत सांगायला लावलं. मग ती उंबऱ्यावर बसल्या जागी मोठ्यानं रडायला लागली. सगळ्या बोळाला ऐकू जाईल असं, त्याचं नाव घेऊन. शेजारपाजारच्या बाया दारांत येऊन उभ्या राहिल्या. मी मान वर केली तर अप्पा गेलेच नव्हते. बोळाच्या तोंडाशी सायकल धरून उभे होते. मला वाटलं, आता आत येऊन तिला गप्प करतील. त्यांनी सायकल भिंतीला लावली, येऊन अव्वाच्या शेजारी उंबऱ्यावर बसले, आणि मला म्हणाले, "मलाबी सांग की, नंदे."